दादाची बाजू

"लहान बाळ आहे बरोबर. यांचं आधी घेऊन टाकू," न्यायाधीशबाई म्हणाल्या, आणि तिच्या छातीत धस्स झालं.

खरं तर धस्स व्हावं असं त्यात काहीच नव्हतं. बाईंचा आवाज मऊ होता. चष्म्यावरून बघताना त्यांच्या डोळ्यांत बाळाविषयीचं ते ओळखीचं कौतुकही होतं. बाळ झाल्यापासून लोक तिला असंच पुढे करत आले होते. बसमध्ये कुणीतरी उठायचं, दवाखान्यात कुणीतरी म्हणायचं, या, तुम्ही या आधी. आणि तिला एक सवयच जडली होती : समोरचा नेमकं काय देतोय ते कळायच्या आत हसून मान तुकवायची. तशी ती आत्ताही हसली. ते हसू ओठांवरून उतरायच्या आत शिपायाने ढिगाच्या तळातून तिच्या अपिलाची फाइल उपसून वर ठेवली होती, वरची धूळ हाताने झटकली होती, आणि तिला कळलं की आपण हसायला नको होतं. वकीलसाहेब इथे नव्हते. ते वरच्या मजल्यावर दुसऱ्या कोर्टात उभे होते. सकाळी जिन्यातच त्यांनी सांगितलं होतं, "आपला नंबर जेवणाच्या सुट्टीनंतर. तोवर निवांत बसा, बाळाला पाजा, डोक्याला ताप नको. युक्तिवाद मी करणार आहे, तुम्ही नाही." त्यांची ज्युनिअर मात्र होती, बाकाच्या टोकाला, काळ्या कोटाच्या बाह्या मनगटाखाली आलेल्या. ती अर्धवट उठली. "मॅडम, सर वरती आहेत. थोडा वेळ मिळाला तर..."

"तुम्ही आहात ना?"

"मी आहे, पण फाइल सरांकडे..."

"रेकॉर्ड माझ्याकडे आहे. मी वाचलंय. अपील आहे हे, इथे काय नवीन साक्षीदार थोडेच आणायचेत?" बाई पुन्हा तिच्याकडे वळल्या. "आणि अपीलदार स्वतः हजर आहेत. बोला बाई. तुम्हाला काय सांगायचंय ते तुमच्या शब्दांत सांगा. घाबरू नका."

घाबरू नका, असं म्हटलं की माणूस काय करतं? ती उठली. बाळ उजव्या खांद्यावरून डाव्या खांद्यावर घेतलं. त्याच्या तोंडातली लाळ मानेवर गार लागली. सगळी खोली एकदम फार स्पष्ट दिसायला लागली : भिंतीवरच्या पंख्याचं वाकलेलं पातं, टायपिस्टच्या बोटातली घट्ट बसलेली अंगठी, समोरच्या बाकावर त्याच्या वकिलाच्या शेजारी बसलेला दादा. दादाने आज इस्त्रीचा शर्ट घातला होता. कॉलरची घडी मागून उलटी झाली होती, आणि आत्ता हे सगळं चाललेलं असताना तिला वाटून गेलं की वहिनी घरी नसणार, नाहीतर तिने ती सरळ केली असती. मग तिने बोलायला तोंड उघडलं. गेले कित्येक दिवस ती आपली बाजू एकटीच बोलत होती, बाटल्या उकळताना, लंगोट पिळताना, बाळाला झोपवताना ओव्या म्हणाव्यात तशा सुरात. वकीलसाहेबांनी नको म्हटलं होतं तरी बोलत होती. कारण हे अपील गेलं की घर गेलं. तिसऱ्या मजल्यावरच्या त्या दोन खोल्या आणि कठडा गंजलेली गॅलरी. तिथे बाबांना विसर पडायला लागल्यावर ती नोकरी सोडून राहायला आली, तिथेच लग्न करून नवऱ्याला आणलं, तिथेच हे बाळ पालथं पडायला शिकलं. बाबा गेले आणि दादाने कागद काढला की बाबांनी घर बक्षीस म्हणून त्याच्या नावावर करून दिलंय. तिने दावा लावला. खालच्या कोर्टाने, कधी नव्हे ते काही महिन्यांतच, सांगितलं, सही वडिलांचीच आहे, दोन साक्षीदार आहेत, बाकी सगळ्या भावनेच्या गोष्टी. आता हे वरचं कोर्ट. इथे नाही म्हणाले तर महिनाअखेर सामान बांधायचं, आणि नवऱ्याला बदलीच्या गावी कंपनीने दिलेल्या खोलीत बायकामुलांना मुभा नाही. एवढं सगळं तिच्या घशाशी आलेलं होतं. आणि ती स्वच्छ, कॉलेजात भाषणाला उभी राहायची तशा आवाजात म्हणाली :

"दादाचं म्हणणं असं आहे, की मोठा म्हणून सगळं त्याच्यावर पडलं. आई गेली तेव्हा त्याने कॉलेज सोडलं आणि कामाला लागला. म्हणून मी शिकले. बाबांच्या औषधांचं त्यानेच बघितलं. तो आजही भाड्याच्या घरात राहतो, त्याला दोन मुली आहेत, वहिनीची तब्येत तोळामासा. बाबांना हे सगळं कळत होतं. तू आमच्यासाठी फार केलंस, असं बाबा त्याला माझ्यादेखत म्हणाले आहेत, एकदा नाही, कितीदा. त्यामुळे बाबांनी घर त्याला द्यावं यात आश्चर्य काही नाही. आणि सही बाबांचीच आहे. मी ती ओळखते."

ती थांबली, श्वास घ्यायला. दादाचा वकील पेनाचं टोपण दातांत धरून तिच्याकडे बघत राहिला होता, जत्रेत हरवलेलं पोर आपणहून परत आलेलं बघावं तसा. न्यायाधीशबाईंनी चष्मा काढला. त्यांचा चेहरा विरघळला होता. "म्हणजे हे सगळं तुम्हाला मान्य आहे?"

"हो," ती म्हणाली. कारण मान्य होतंच. खरं होतं ते.

आणि तिने दादाकडे बघितलं. दादाने मान हलवली. अगदी थोडी, हनुवटी खाली जाऊन वर आली एवढीच, पण हलवली. जसा तो लहानपणी, स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसून, तोंड फुगवून, पण इमानेइतबारे हलवायचा. हं, बरोबर. आता तुझं सांग.

बाबा टेलिफोन एक्स्चेंजमध्ये होते. दिवसभर कानाला तो यंत्राचा पट्टा लावून दोन टोकांची माणसं जोडून द्यायची, हे त्यांचं काम. संध्याकाळी घरी यायचे तेव्हा त्यांचा डावा कान लाल झालेला असायचा, आणि दोन माणसं एकदम बोलली की त्यांच्या कपाळावरची शीर उडायची. भावंडं भांडायला लागली की ते दोघांना समोर बसवत. एका वेळी एकच बोलणार, आणि आधी दुसऱ्याचं. म्हणजे तिला दादाची तक्रार करायची असेल तर आधी दादाचं काय म्हणणं आहे ते तिने सांगायचं, चिडवून नाही, वाकडं तोंड करून नाही, दादाला पटेल असं. दादा "हं, बरोबर" म्हणाला की मगच तिने स्वतःचं सुरू करायचं. दादाच्या पाळीला तो म्हणायचा, "ती म्हणते की मी तिची पेन्सिल मोडली आणि ती थोडी रडली." की ही लगेच, "थोडी नाही, खूप रडले." "बरं बाबा, खूप रडली. शेजारचे काका बघायला आले इतकी रडली." "हं, बरोबर." कधीकधी दुसऱ्याचं सांगता सांगता स्वतःचं काय होतं तेच विसरायला व्हायचं, आणि मग दोघंही बावळटासारखी बाबांकडे बघत बसायची, बाबा हसायचे, म्हणायचे, "चला, लाइन कट झाली." तिचा आवाज लहानपणी फार किरटा होता. बाबा तिला पिपाणी म्हणायचे, दादाही. ही रीत फक्त त्यांच्याच घरातली आहे हे तिला फार उशिरा कळलं, लग्नानंतर पहिल्या मोठ्या भांडणात. ती नवऱ्याला म्हणाली, तुझं म्हणणं असं की तू दमून येतोस आणि मी आल्या आल्या सुरू होते. "मग! कळतंय ना तुला?" असं म्हणून तो कुशीवर वळला आणि घोरायलाही लागला. ती अंधारात बसून राहिली होती, तिची सबंध बाजू तोंडात धरून. तेव्हाच शहाणं व्हायला हवं होतं. पण अंगात भिनलेलं असतं ते ऐन वेळी कुणाची परवानगी मागत नाही. हात पोळला की कानाची पाळी पकडावी, तसं ते आपोआप झालं.

दादाची मान हलली आणि तिने आपलं सुरू करायला तोंड उघडलं. पण बाई टायपिस्टकडे वळल्या होत्या आणि त्यांचा तो मऊ आवाज बदलून सरळ, सपाट, एका पट्टीतला झाला होता. "अपीलदार स्वतः हजर. त्यांच्या वकिलांना संधी देण्यात आली. अपीलदारांचे म्हणणे सविस्तर ऐकले." टायपिस्टची बोटं पडत होती. सविस्तर ऐकले. कुणाचं? तिला खरोखरच क्षणभर वाटलं की हे दुसऱ्या कुणाबद्दल चाललंय, की मागे कुणी आणखी एक बाई उभी आहे, जी बोलून गेली, आणि आपलंच लक्ष नव्हतं. तिने मागे वळूनसुद्धा बघितलं. मागे भिंतीला टेकून एक म्हातारा डुलक्या घेत होता. "अपीलदारांनी प्रतिवादीची बाजू प्रांजळपणे मान्य केली असून सहीबाबतही वाद राहिलेला नाही."

"मॅडम," ती म्हणाली, "माझं राहिलंय."

"तुम्ही फार छान बोललात," बाई म्हणाल्या, आणि ते इतकं मनापासून होतं की सवयीने तिची मान पुन्हा तुकली. "सख्ख्या भावाबद्दल इतकं खरं बोलणारं माणूस आम्हाला इथे बघायला मिळत नाही. आता मनात काही ठेवू नका. बाळाकडे बघा."

"नाही, ते त्याचं होतं, माझं अजून..."

तेवढ्यात बाळाने भोकाड पसरलं. झोपमोड झाल्याचं ते रडणं नव्हतं, तिचे दंड नकळत आवळले गेले होते आणि ते त्यात चिरडत होतं. तिने हात सैल केले, थोपटलं, "नाही नाही, झालं झालं" म्हटलं, आणि त्या झालं झालं मध्येच बाईंच्या तोंडचं शेवटचं वाक्य कुठेतरी बुडून गेलं. अपील फेटाळण्यात येत आहे. ते तिला ऐकू आलं नाही, टायपिस्टची बोटं उचलली गेली तेव्हा कळलं. शिपायाने दार धरलं होतं. तोही हसत होता, बाळाला बोट दाखवत होता. सगळेच किती चांगले होते! कुणी ओरडलं असतं, कुणी हाकललं असतं, तर तिला निदान कशाशी तरी भांडता आलं असतं.

बाहेरच्या व्हरांड्यात नुकती फरशी पुसली होती. फिनेलचा वास नाकात चढला. पाय फरशीवर पडतायत की नाही ते कळेना, बाळंतपणात भूल दिल्यावर कमरेखालचं शरीर दुसऱ्याचं झालं होतं तसं. बाळ रडायचं थांबून तिच्या कानातला डूल ओढत होतं, दुखत होतं, आणि ते दुखणं हे एकच आत्ता नक्की तिचं होतं. महिनाअखेर, तिच्या मनात आलं, आणि पुढे काही येईना. गॅलरीतली दोरी सोडावी लागेल, एवढंच आलं, कपडे वाळत घालायची ती हिरवी दोरी. ज्युनिअर मागोमाग आली होती. तिच्या तोंडचं पाणी पळालेलं. "मॅडम, तुम्ही हे असं का बोललात? सर मला उभी चिरतील. मी त्यांना काय सांगू?"

"मी माझं बोललेच नाही."

"अहो, मग ते काय होतं?"

पेन्सिल, स्टूल, लाल झालेला कान. हे या मुलीला कुठून सांगायचं?

"थांबा," ज्युनिअर फोन काढत म्हणाली, "अजून सही झालेली नाही. स्वच्छ प्रत टाइप होऊन पान समोर जाईल, मग सही. सहीच्या आत सर येऊन विनंती करू शकतात. सही झाली की मात्र मग इथलं संपलं." आणि ती खांबाशी जाऊन फोन कानाला लावून उभी राहिली. वर वकीलसाहेब फोन उचलत नव्हते. कसे उचलणार, ते तिथे दुसऱ्या कुणाची बाजू मांडत होते.

दार पुन्हा उघडलं आणि दादा बाहेर आला. एकटाच. त्याचा वकील पुढच्या कामासाठी आतच थांबला असावा. तो तिच्यासमोर उभा राहिला, हात कुठे ठेवावेत ते न कळून त्याने एक बोट बाळाच्या तळपायाला लावलं. बाळाने पाय आखडला आणि परत पुढे केला. "मोजा कुठे पडला याचा?" दादा म्हणाला.

"तू मान हलवलीस."

"अं?"

"आत. मी बोलून झाल्यावर. तुझं सांगून झाल्यावर. तू मान हलवलीस."

दादा खाली बघायला लागला. "सवयीने हलली गं."

"म्हणजे तुला कळत होतं की माझं व्हायचंय. त्या सगळ्या खोलीत तुला एकट्याला कळत होतं."

"मला वाटलं, त्या थांबतील."

"आणि नाही थांबल्या तेव्हा?"

"मला कुणी विचारलं का?" त्याचा आवाज एकदम चढला आणि तसाच पडला. "कोर्ट आहे ते, पिपाणे. मी उठून काय सांगणार होतो? आमच्याकडे असं असतं, मॅडम, म्हणून? लोक हसले असते. चल, खाली चल. चहा घे, बाळाला घेतो मी. तू थरथरतेयस."

तो खरंच हात पुढे करून उभा होता, आणि बाळही, घरचा माणूस ओळखून, त्याच्याकडे झुकत होतं. तिने बाळ घट्ट धरलं. तिला रडायचं नव्हतं, ओरडायचंही नव्हतं. तिला एवढंच हवं होतं की हे जे घशात अडकून बसलंय ते या जगात एकदा तरी कुणीतरी मोठ्याने म्हणावं. कोर्टाने नाही तर नाही. "माझं सांग," ती म्हणाली.

"काय?"

"मी तुझं सांगितलं. एक शब्द इकडचा तिकडे केला नाही. आता तू माझं सांग. इथेच."

"वेडी आहेस का? ही काय जागा आहे?"

"सांग दादा."

तो हसला, इकडेतिकडे बघितलं. खांबाशी ज्युनिअर, पलीकडे बाकावर कुणी डबा उघडून बसलेलं. मग त्याने घसा खाकरला आणि भिंतीकडे बघत, शाळेत कविता म्हणून दाखवावी तसा, सुरू झाला. "तू म्हणतेस की... मी पैसे दिले, पण हात तू दिलेस. मी रविवारी यायचो, तासभर बसायचो, बाबा माझ्याशी नीट बोलायचे आणि मी म्हणायचो, कुठे काय झालंय त्यांना, छान तर आहेत. आणि मी गेल्यावर ते रात्रभर कपाटातले कपडे काढून जमिनीवर मांडायचे. ते तू आवरायचीस."

"हं," ती म्हणाली. "बरोबर."

"तू म्हणतेस की त्यांनी तुला आई समजून हाका मारल्या, आणि तू ओ दिलीस. नोकरी सोडलीस, ती काही तुला नकोशी नव्हती, आवडीची होती. सगळ्यांनी म्हटलं की मुलीच करतात हे, जसं काही ते आपोआप होतं." तो आता भिंतीकडे बघत नव्हता. त्याच्या आवाजात काहीतरी सैल होत होतं, आणि तो भराभर, जवळजवळ हौसेने बोलत होता, ठसठसणारा काटा निघताना बरं वाटावं तसा. "सातवा महिना असताना तू त्यांना उचलून न्हाणीत नेलंस. मी म्हटलं होतं, बाई ठेवू, आणि ठेवली नाही. ते खरंय. मी विसरलो असं नाही, मी ठेवली नाही."

"हं." तिच्या गालांवरून पाणी वाहत होतं आणि तिला ते पुसायला हात मोकळा नव्हता. किती येत होतं त्याला! तिने तयार केलेल्यापेक्षा किती चांगलं, किती सरळ. याला सगळं माहीत होतं. इतके दिवस समोरच्या बाकावर बसून याला एकूण एक माहीत होतं. अंगावर काटा आला, आणि तो कसला ते कळेना.

"आणि तू म्हणतेस की सही बाबांची, पण सही करणारे बाबा नव्हते. आपण कशावर सही करतोय ते त्यांना कळलंच नाही. त्यांनी मला विचारलं, हे कशाचं आहे रे? मी म्हटलं, पेन्शनचं. तर म्हणाले, मग कर बाबा लवकर, पेन्शन थांबायला नको, पिपाणीला घर चालवायचं असतं. आणि केली."

"हं, बरो..." तिचे ओठ अर्ध्यावर आले आणि तसेच राहिले.

पलीकडच्या बाकावर डब्याचं झाकण वाजलं. दादा तिच्याकडे बघत होता, हनुवटी किंचित पुढे करून, तिच्या होकाराची वाट बघत, अगदी निरागसपणे.

"हे मी म्हणत नव्हते, दादा," ती म्हणाली.

"काय?"

"पेन्शनचं. मी त्या दिवशी दवाखान्यात होते, हे बाळ व्हायचं होतं. मी एवढंच म्हणत होते की त्यांना कळलं नसेल. तू काय सांगितलंस ते मला माहीतच नव्हतं."

दादाच्या चेहऱ्यावरून काहीतरी उतरत गेलं, वरून खाली, ओल्या भिंतीचा गिलावा सुटावा तसं. त्याने हात वर नेऊन कॉलर चाचपली. खांबाशी ज्युनिअरने फोन कानावरून खाली घेतला होता. पलीकडून कुणीतरी हॅलो हॅलो म्हणत होतं, आणि ती ऐकत नव्हती. बाळाला धरून तिने हे सगळं बघितलं आणि तिला नवल वाटलं की आपल्याला राग येत नाहीये. बाबांच्या तोंडचं एक वाक्य तिला आत्ता मिळालं होतं, इतक्या उशिरा, या फिनेलच्या वासात, आणि ज्याने दिलं त्यानेच ते लपवलं होतं. ती त्या वाक्यापाशीच थिजली होती. पिपाणीला घर चालवायचं असतं. म्हणजे शेवटी त्यांना ती आठवत होती.

"आत चल," ती म्हणाली.

"मुलींना सांगितलंय मी," दादा पुटपुटला. "त्यांनी खोली वाटून घेतलीय. धाकटीला गॅलरी हवीय." मग एकदम लहान होऊन, "पिपाणे, मला कुणी विचारलं असतं तर... मला खालच्या कोर्टातही कुणी असं विचारलंच नाही गं."

"आता मी विचारलंय ना? चल."

तो हलला नाही. आत टायपिंगचा आवाज थांबला. ज्युनिअरने दाराच्या फटीतून बघितलं आणि तिच्याकडे वळून घाईघाईने म्हणाली, "मॅडम, पान गेलं समोर." दादाची वाट बघायला वेळ नव्हता. तिने बाळ खांद्यावर नीट घेतलं, कोपराने दार ढकललं आणि आत गेली. शिपाई पुढे आला, तो पुन्हा हसायच्या बेतात होता, पण तिचा चेहरा बघून बाजूला झाला. मघाशी बसली होती त्या बाकाच्याही पुढे ती जाऊन उभी राहिली, अगदी कठड्याशी, जिथे वकील उभे राहतात तिथे. मागे दार मिटल्याचा आवाज आला नाही. न्यायाधीशबाईंच्या हातात पेन होतं. त्यांनी चष्म्यावरून बघितलं, तोच मऊपणा डोळ्यांत, फक्त थोडा थकलेला. "आता काय बाई? तुमचं ऐकलं ना मी?"

"नाही मॅडम," ती म्हणाली, आणि तिचा आवाज लहानपणीसारखा किरटा, सगळ्या खोलीभर निघाला. "तुम्ही दादाचं ऐकलंत. तेही अर्धंच."